चमचाभर गंगा

परभणी, ९ ऑगस्ट

योगीराज,

माझा फोन तू घेत नाहीस. मंजुषाचा फोनही आता तुझ्याच खिशात असतो म्हणे, तिनंच शेजारणीच्या फोनवरून सांगितलं. बायकोचा फोन खिशात घालून फिरायची वेळ आली तुझ्यावर, म्हणून हे पत्र. सूर्यभानमामा चारठाण्याला जाता जाता वाट वाकडी करून वालूरला उतरणार आहेत, त्यांच्या हाती देते. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

वॉर्डात चार लोकांसमोर तू मला म्हणालास, "अक्का, आईला तहानेली मारायलीस तू. हे पाप फिटणार न्हाई तुला." मी तेव्हा बोलले नाही, कारण आईच्या छातीत कफ घुरघुरत होता आणि मला तिची पाठ थोपटायची होती. आता उत्तर देते. आईच्या तोंडात मी कुणालाही पाणी घालू देणार नाही. भागवतकाकांना नाही, मामांना नाही आणि तुलाही नाही. मी तुझी थोरली बहीण आहे आणि अंगणवाडीत पोरं गप्प करून करून माझा आवाज तुझ्यापेक्षा मोठा झालेला आहे, हे ध्यानात ठेव.

तू म्हणशील, डॉक्टरीणबाईंनी आम्हाला काही सांगितलंच नाही. सांगितलं होतं. त्या सांगत होत्या तेव्हा तू चुलत्यांना फोन लावत होतास. म्हणून मी परत सांगते, अंगणवाडीत सांगते तसं.

आई इथं आली तेव्हा तिला फ्लू होता. नाकातला नमुना तपासला, त्यात निघाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला त्यानं आडवं केलं, ऑक्सिजन लागला, ती ग्लानीत गेली. तू तिचे अर्धे मिटलेले डोळे पाहिलेस आणि मनाशी ठरवून टाकलंस. वालूरला फोन, चारठाण्याला फोन. "आईचं काही खरं न्हाई, तोंड बघून जा." रविवारी जिपा भरून माणसं आली. देव्हाऱ्यातली गंगेची बाटलीही आली, बाबांनी गंगाखेडला गोदावरीत बुडवून भरलेली, बाबा जाऊनच किती वर्षं झाली! आणि आपल्यात जाणाऱ्या माणसाला घालतात तसा प्रत्येकानं एकेक चमचा आडव्या पडलेल्या आईच्या तोंडात घातला. मी त्या दिवशी पेडगावला होते, सोयाबीनवर फवारणी चालू होती. संध्याकाळी येऊन बघते तर आईची उशी ओली आणि आई ठसकतेय. वॉर्डाबाहेर सगळे समाधानानं चहा पीत होते.

पुढचं तूही पाहिलंस. फ्लू उतरला, ताप गेला, ऑक्सिजन कमी केला. तू म्हणालास, बघ, गंगेनं गुण दिला. आणि मग नवा ताप चढला, हुडहुडी भरून. पिवळा कफ पडायला लागला. छातीच्या फोटोत उजवीकडं खाली सगळं पांढरं दिसलं.

डॉक्टरीणबाई, निकिता मॅडम, शेतकऱ्याच्या घरातल्या आहेत, त्यांनी मला आपल्या भाषेत सांगितलं. "ताई, फ्लूनं कुंपण मोडलं. फ्लू गेला, पण कुंपण मोडलेलंच हाय. आता त्यातून दुसरी ढोरं शिरलीत." ही दुसरी ढोरं म्हणजे न्यूमोनियाचे जंतू. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा फ्लू परवडतो, हे मागून शिरलेलं दुखणं जिवावर बेततं. त्यात ग्लानीतल्या माणसाला नीट गिळता येत नाही. आडव्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं की ते तोंडातली घाण बरोबर घेऊन श्वासाच्या नळीत उतरतं. चमचाभर पुरतं.

कुणाच्या चमच्यानं झालं हे देवालाही सांगता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, पाणी घातलं नसतं तरी या वयात हे होऊ शकलं असतं. म्हणून मी कुणाला आरोपी करत नाही. पण माहीत नव्हतं तोपर्यंत ठीक होतं. आता माहीत झालंय, आता जो चमचा घेऊन येईल त्याची गाठ माझ्याशी आहे.

आईचं पोट नाकातल्या नळीनं भरतं, पाणीही त्या नळीनंच जातं. ती तहानेली नाही. तिची उशाकडची बाजू उचलून ठेवलीय. सकाळ-संध्याकाळ मी मऊ ब्रशनं तिचं तोंड साफ करते. ती माझं बोट चावते. तूही लहानपणी असाच चावायचास.

आई शांत आहे. मला झोप लागते, जेवण होतं. काळजी नको.

अक्का

परभणी, १२ ऑगस्ट

योगीराज,

तू स्वतः आला नाहीस, भागवतकाकांना जीप देऊन पाठवलंस. जिपेत गादी अंथरलेली होती. मंजुषानं वरून धुतलेली चादर घातली होती, तिची शिवण मी ओळखते. म्हणजे आईला न्यायची सगळी तयारी केलीस, फक्त मला विचारायचं राहिलं.

काका वॉर्डाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मने, ऐक माझं. घरच्या भुईवर जाऊ दी तिला. दवाखान्यात जीव अडकून पडलाय तिचा."

मी म्हटलं, "अडकलाय म्हणजे हायच की, काका! नसता तर कशात अडकला असता?"

"लय शिकलीस तू."

"लय न्हाई, बारावीच. पण दारात उभं राहायला तेवढं पुरतंय."

मामा मागं बाकावर बसले होते, त्यांनी हसू दाबलं. काकांना ते दिसलं आणि ते जास्तच चिडले. "समद्या भावकीत काय इज्जत राहील? सारजाबाईची लेक आईच्या तोंडाला पानी लावू देईना म्हणून गावभर बोलायलेत." मी म्हटलं, बोलू द्या, त्यांच्या तोंडाला मी कुठं हात लावलाय. मग त्यांनी शर्टाच्या आतून ती बाटली काढली. तीच, गंगेची. तळाशी थोडं पाणी उरलं होतं, हिरवट. म्हणाले, "निदान एक चमचा. माझ्यासाठी."

बोलता बोलता त्यांनी झाकणही काढलं, योगू. काका वाईट माणूस नाहीत, हे मला कळतं. त्यांच्या थोरल्या वहिनीचं शेवटचं पाणी चुकू नये एवढंच त्यांना वाटत होतं. त्यांच्या मनात आई गेलेलीच होती आणि फक्त पाणी बाकी होतं. मी बाटली त्यांच्या हातातून घेतली, पदराचा कोपरा ओला केला आणि गंगा आईच्या तळपायांना लावली. मग पाय पुसले. म्हटलं, "झालं काका. पायाकडनं पोचतंय का तोंडाकडनं, ते गंगा बघून घेईल." बाटली आता माझ्या पिशवीत आहे. परत मिळणार नाही.

जीप रिकामी आली ना वालूरला? चादर मंजुषाला परत दे.

काकांनी तुझी चिठ्ठी दिली. तीन ओळींची चिठ्ठी, त्यात दोन ओळी रुसव्याच्या. तिसरी अशी: "आई तहानेली गेली तर आयुष्यात तुझं तोंड बघणार न्हाई." बरं. बघू नकोस. पण माझंही लिहून ठेव. आई गेलीच, तर वालूरच्या पारावर मी स्वतः उभी राहून सगळ्यांना सांगेन की होय, मी पाणी घालू दिलं नाही. कुणाच्या मागं लपणार नाही. डॉक्टरांचं नाव सुद्धा पुढं करणार नाही. आणि ती जगली, तर तुला काय करावं लागेल याचा तू विचार करून ठेव.

मामांचं एक कळत नाही. चारठाण्याहून परत आल्यापासून एक निळी पिशवी मांडीवरून खाली ठेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "काई न्हाई गं, असंच."

अक्का

परभणी, १४ ऑगस्ट

योगू,

हे पत्र मी पाठवीन की नाही ठाऊक नाही. आधी लिहून तरी काढते.

आईचं बरं नाही. पहिलं औषध लागू पडलं नाही. कफ तपासायला दिला होता त्याचा आज निकाल आला, तिच्या छातीतले जंतू त्या औषधाला दाद देणारे नव्हते. आज दुसरं सुरू केलंय, सलाईनमधून. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस बघू. मी विचारलं, आणि मग? त्या म्हणाल्या, "मग काय ते मी तुमच्यापासून लपवणार न्हाई." खोटं बोलत नाहीत त्या. मला तेवढ्यापुरतं त्यांनी खोटं बोलावं असं वाटलं.

मी मात्र तुझ्याशी खोटं बोलले. पहिल्या पत्रात लिहिलं की आई शांत आहे. ती शांत नव्हती. ग्लानीतून वर आली की ती एकच शब्द बोलते. "पानी." कधी "मने, पानी दे गं," कधी नुसतं "पानी." मी कापसाचा बोळा ओला करून तिच्या ओठांवरून, जिभेवरून फिरवते. ती तो बोळा चोखते. तिला वाटतं आता येईल घोट. घोट येत नाही. ती माझ्याकडं बघते, आणि तेव्हा मला तुझं वाक्य ऐकू येतं. तू ते बरोबर जागी मारलंस, मी काही दगड नाही.

नळीनं पुरेसं पाणी जातं, तिच्या अंगात पाणी आहे, लघवी नीट होते, हे सगळं मला कळतं. पण तोंड कोरडं पडतं ते पडतंच आणि आईला ते माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की पोटच्या पोरीकडं पाणी मागितलं आणि पोरीनं दिलं नाही. काल दुपारी मी पेला भरला होता. हातात घेतलाही होता. तिनं तो पाहिला आणि तोंड उघडलं, चिमणीच्या पिल्लासारखं. मी तो पेला बेसिनमध्ये ओतला आणि तिथंच तोंडावर पदर धरून रडले. रुख्मिणी सिस्टरांनी आईच्या ओठांना नवा बोळा लावला.

तू समोर असतास तर भांडले असते, म्हणजे जरा बरं वाटलं असतं. तू नाहीस. तू माझ्यावर रागावून वालूरला बसलायस आणि मी इथं आईच्या नजरेसमोर बसलेय. यातलं सोपं काम कुणाच्या वाट्याला आलं ते तूच सांग.

पण ऐक. मी मागं सरणार नाही. रडूनही नाही. तिला तहानेलं ठेवायचं पाप असेल तर ते माझ्या नावावर राहू दे, पण चमचाभर पाण्यानं तिचा श्वास बंद करायचं पुण्य मला नको. माझा इरादा पक्का आहे. ती मला नंतर शिव्या देईल. शिव्या द्यायला ती नंतर असली पाहिजे, बस.

अक्का

परभणी, १९ ऑगस्ट

योगीराज,

मागचं पत्र तुला मिळालं, असं मामा म्हणाले. मी ते पाठवलं नव्हतं. मी अंघोळीला गेले तेव्हा त्यांनी माझ्या पिशवीतून काढून नेलं, ऐंशी वर्षांचा माणूस आणि करतूत ही. जाऊ दे. मिळालं ते मिळालं.

आणि ते मिळाल्यावर तू परभणीला आला होतास, हेही मला माहीत आहे. शनिवारी तू दवाखान्याच्या समोरच्या टपरीवर उभा होतास. मामांनी खिडकीतून पाहिलं. दोन चहा झाले, वर आला नाहीस. जिना काय चावतो का तुला? मामा मला म्हणाले, "हाक मारू का?" मी म्हटलं, नको. ज्याला यायचं त्याला वाट माहीत आहे.

वर आला असतास तर दिसलं असतं. ताप उतरलाय. दुसरं औषध लागू पडलं. दोन दिवसांचं मॅडम म्हणाल्या होत्या, त्यांच्यापेक्षा आईनंच जरा जास्त वेळ लावला, तिला कधी कुणाच्या सांगण्यानं हलायची सवय आहे? पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले आणि सिस्टरांना विचारलं, "ही कुणाची गं बाई, सारखी माझे दात घासायलीय?" ती मी. मला ओळखलं नाही म्हणून मी इतकी हसले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकली.

आज मॅडमनी तिला सरळ बसवलं, पाठीला उशा लावून. हनुवटी खाली घ्यायला लावली आणि घट्ट पेजेचा छोटा चमचा दिला. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडं बघत होतो. गेला. ठसका नाही. दुसरा दिला, गेला. मॅडम म्हणाल्या, "पाणी इतक्यात न्हाई हं आजी. पाणी सगळ्यांत अवघड असतंय." आई म्हणाली, "मला शिकवायलीस व्हय?" आता मला कळलं हा स्वभाव आपल्याकडं कुठून आलाय.

आता मामांची निळी पिशवी. ती उघडी पडली. मामा डबा आणायला खाली गेले, आईची नजर पिशवीकडं गेली, म्हणाली, "बग गं, काय आणलंय दादानं." मी उघडली. आत जांभळं लुगडं, कोरं, घडी न मोडलेलं. आपल्यात बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते मला ठाऊक आहे, आईलाही ठाऊक आहे. मी पिशवी मिटायला गेले. तिनं माझा हात धरला. अजून जोर नाही त्या हातात, पण धरला.

मामा आले ते दारातच थिजले. खाली मान घालून म्हणाले, "सारजा, योगीराजचा फोन आला व्हता. घाई झाली माझी." आई बराच वेळ लुगड्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पांढरं न्हाई आणलंस, ते बरं केलंस."

मामा रडले. मी नाही रडले, मी पेजेचं भांडं धुवायला गेले.

अक्का

परभणी, २८ ऑगस्ट

योगू,

तुझी चिठ्ठी आली. या वेळी एकच ओळ. "आई काय म्हणते?" ना अक्का, ना नमस्कार. तरी उत्तर देते, कारण विचारलंस हेच पुष्कळ झालं.

आई पाणी प्याली. काल, मॅडमच्या समोर, खुर्चीत ताठ बसून. पेला मी धरायला गेले तर माझा हात झटकला. स्वतःच्या दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला, थांबली, गिळला. मग दुसरा. तिनं सगळा पेला संपवला आणि उपडा करून मला दाखवला. म्हणाली, "योग्याला सांग, म्या माझ्या हातानं पानी पिले." तू मला जे जे बोललास ते सगळं तिला मी सांगितलं होतं. हो, चहाडी केली. थोरल्या बहिणीचा हक्क आहे तो.

मी तिला हेही विचारलं की मी पाणी देत नव्हते तेव्हा तुला काय वाटायचं. तिला आठवत नाही म्हणाली. खरं की खोटं कोण जाणे. मग थोड्या वेळानं आपलं आपणच बोलली, "बोळा गार लागायचा गं." एवढंच. मला पुरलं.

आता पुढचं. मॅडम परवा घरी सोडणार आहेत. घरी महिनाभर तरी जपायचं आहे. आडवं ठेवून काही खाऊ-पिऊ घालायचं नाही, तोंड साफ ठेवायचं, खोकणाऱ्या माणसानं जवळ जायचं नाही, मग तो भावकीतला कितीही थोर असो. पुढच्या वर्षी फ्लूची लस द्यायचीय, मी आताच मॅडमना विचारून ठेवलंय. हे सगळं तुझ्या घरात होणार असेल तरच मी तिला वालूरला आणते. नाहीतर पेडगावला नेते, माझ्याकडं जागा आहे आणि दार अडवायची सवयही झालीय. मंजुषाला विचार, तिला जमेल. तुझं मला माहीत नाही.

पण आईचं ठरलंय. ती वालूरलाच येणार म्हणते, आणि ज्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्या येतात त्या दिवशीच. ते जांभळं लुगडं नेसून. मी म्हटलं, आई, लोक काय म्हणतील, कशासाठी आणलेलं लुगडं ते. तर म्हणाली, "माहेरचं हाय. आलंय तर नेसू नको? पुन्हा लागलं तर दादा पुन्हा आणील." मामा बाकावर होते, त्यांनी लगेच मान डोलावली.

आणि तुझ्यासाठी तिचा निरोप. जसाच्या तसा लिहिते, मी त्यात काना-मात्रा बदललेली नाही:

"योग्याला म्हणाव, समद्यांला बोलीव. भागवतला, त्याच्या मंडळीला, वरल्या आळीच्यांला, जिपा भरून आलते त्या समद्यांला. ज्यांनी ज्यांनी मला पानी पाजलं त्यांला म्या माझ्या हातानं पानी देनार हाय. वसरीवर ओळीनं बसवीन. कामून न्हाई? दारात आलेल्याला पानी देतेत, तसं देते."

मी तिला विचारलं, रागावलीस का गं त्यांच्यावर? तर म्हणाली, "खुळी हायस का? मायेनं आलते ती. पर बघू दी त्यांला, म्या हाय म्हून."

तेव्हा तांबे-पेले घासून ठेव. विहिरीचं पाणी उकळून गार करून ठेव, गंगेची बाटली माझ्याकडंच राहणार आहे. भागवतकाकांना तू स्वतः जाऊन सांग, फोनवर नको. जीप तूच घेऊन ये, या वेळी गादी नको, आई पुढच्या सीटवर बसून येणार आहे. आणि टपरीवर थांबू नकोस, सरळ जिना चढून वर ये. तोंड बघणार नाही म्हणाला होतास, तर डोळे मिटून चढ, मी हात धरून नेते.

घरी पोचल्यावर वसरीवर सगळ्यांच्या आधी तुला बसायचं आहे. आईनं सांगितलंय, पहिला तांब्या तुला. नीट बसून पी.

अक्का